मुंबई-न्यूयॉर्क साडेबारा हजार किमी, पण कुठल्या वाटेने?

मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब असं फोनवर टाकलं की साडेबारा हजार किमीच्या आसपास आकडा येतो, मग कोणीतरी म्हणतंच की मी तर 7,800 वाचलंय. ते मैल. पायलट लोकांचा आकडा आणखी वेगळा, साधारण 6,770, कारण त्यांचा मैल सागरी, 1.852 किमीचा, रस्त्यावरचा 1.609 चा. तिन्ही बरोबर, आमच्या फॅमिली ग्रुपवर यावरून दोन दिवस वाजलंय.

पण खरा घोळ मैलाचा नाहीच, 'अंतर' या शब्दाचा आहे. हा आकडा म्हणजे पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला तर भरेल तेवढी लांबी. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर वाट अरबस्तान, इजिप्त, अटलांटिक अशी दिसते. गोलावर दोरा धरून बघा, तो सरळ वर चढतो, सिंध, अफगाणिस्तान, मॉस्कोच्या जवळून, फिनलंडचा दक्षिण भाग, आइसलंड, ग्रीनलंडच्या टोकाखालून कॅनडा. म्हणजे तो साडेबारा हजारचा आकडा पाकिस्तान आणि रशिया दोन्ही जाऊ देतील असं गृहीत धरूनच काढलेला असतो, आणि नेमकं तिथेच अडतं.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. जून 1948 मध्ये मुंबईहून लंडनला पहिलं भारतीय विमान गेलं ते कैरो, जिनिव्हा करत, 1960 मध्ये जेट आली आणि लंडनमार्गे न्यूयॉर्क सुरू झालं. तेव्हा लोक किलोमीटर नाही, किती ठिकाणी थांबतं ते विचारायचे. न थांबता जाणारी विमानं 2006-07 ची, आधी एका अमेरिकन कंपनीचं आणि ऑगस्ट 2007 मध्ये तेव्हा सरकारी असलेल्या एअर इंडियाचं. जाताना सोळा तासांच्या आसपास, येताना त्याहून कमी, कारण वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात आणि येताना पाठीवर असतात.

मग फेब्रुवारी 2019, बालाकोट. पाकिस्तानने आकाश बंद केलं ते 16 जुलैपर्यंत, त्यात जूनमध्ये इराणने अमेरिकन ड्रोन पाडलं आणि एका अमेरिकन कंपनीने नुवार्क (न्यूयॉर्कला लागूनचा विमानतळ) ते मुंबई विमानच थांबवलं. 2022 ला युक्रेन युद्धामुळे रशियाचं आकाश अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना बंद झालं, आपल्याला नाही, आणि हा फायदा आपल्याकडे उगाच कमी बोलला गेला असं माझं मत. तो फार टिकलाही नाही म्हणा, पहलगामनंतर 24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने आपल्या विमानांना बंदी घातली, आपणही आठवड्याभरात त्यांना घातली. ही बंदी असेपर्यंत आपलं विमान मुंबईहून आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला जाणार, अमेरिकन विमानाला पाकिस्तान उघडा पण रशिया बंद, आणि फोनवर दोघांनाही अंतर तेच, साडेबारा हजार.