थर्मोमीटरला न कळणारी थंडी

१ सप्टेंबर २०२२ पासून जर्मनीतल्या सरकारी कार्यालयांत हीटिंगवर मर्यादा आली. युक्रेन युद्धामुळे रशियाचा गॅस आटला होता आणि हिवाळा तोंडावर होता. हलक्या बैठ्या कामाला १९ अंश सेल्सिअस, तेच काम उभ्यानं असेल तर १८, जड अंगमेहनतीला १२. याहून जास्त तापवायचं नाही. जो हलतो त्याला ऊब कमी लागते, हा साधा हिशेब त्यामागे होता.

तो हिशेब मांडायला बराच काळ गेला. ब्रिटनच्या १९६३ च्या कायद्यात कार्यालयांसाठी एवढंच होतं: पहिल्या तासानंतर १६ अंशांखाली चालणार नाही. माणसाच्या अंगावर काय आहे, तो काय करतोय, याचं मोजमाप मात्र अमेरिकेत १९४१ मध्येच सुरू झालं होतं. कपड्यांच्या उबेला तेव्हा 'क्लो' हे एकक मिळालं. एक क्लो म्हणजे साधारण पुरुषाच्या सुटाची ऊब.

पुढे डॅनिश अभियंता पोव्हल ओले फँगर यांनी विद्यार्थ्यांना नियंत्रित हवेच्या खोलीत बसवून त्यांना काय वाटतं ते नोंदवलं आणि माणसाला केव्हा गार, केव्हा गरम, केव्हा बरं वाटतं याचं सूत्र १९७० मध्ये मांडलं. हवेचं तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचं तापमान, वारा, आर्द्रता, हालचाल आणि कपडे, अशा सहा गोष्टी त्यात आहेत. सगळं जुळवून आणलं तरी ५ टक्के लोक नाराज राहणारच, हेही त्यांनी सांगून ठेवलं. १९८४ मध्ये याच सूत्रावर आंतरराष्ट्रीय मानक आलं.

या सहांतली दुसरी गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते, असं मला वाटतं. भिंतीवरचा थर्मोस्टॅट २१ दाखवतो, तरी एकेरी काचेच्या खिडकीला लागून बसलेल्याचा तो खांदा गारठतो. अंगातली उष्णता सरळ गार काचेकडे जात असते, शिवाय काचेलगतची थंड हवा खाली पायांवर उतरते. खोली तापवणारा रेडिएटर खिडकीखाली बसवतात ते यासाठीच.

शाल गुंडाळून बसणाऱ्या बाईला कार्यालयात नाजूक म्हटलं जातं, तेही चूक आहे. २०१५ मध्ये किंग्मा आणि व्हान मार्केन लिख्टेनबेल्ट या डच संशोधकांनी दाखवलं की मानकात धरलेली शरीराची उष्णता सरासरी पुरुषावरून घेतली आहे. स्त्रियांच्या बाबतीत तो अंदाज ३५ टक्क्यांपर्यंत जास्त निघू शकतो.

जर्मन आदेशानं कामाचा प्रकार पाहिला. खुर्ची कुठे आहे आणि तिच्यावर कोण बसलंय, हे मात्र त्या १९ मध्ये कुठेच नव्हतं.