वखारीतला अंधार आणि आठ मेगापिक्सेल

निपाणीजवळ आमच्या मामांची तंबाखूची वखार आहे. तिथे त्यांनी ८ मेगापिक्सेलचे कॅमेरे बसवले. दिवसा चित्र इतकं लख्ख, की पोत्यावर रंगवलेला आकडाही वाचता येतो. रात्री मात्र फाटकातून आत येणारा माणूस म्हणजे नुसती सरकणारी राखाडी सावली. मामा मला म्हणाले, "आठवाला घेतलोय की रे, मग तोंड का दिसंना?"

प्रश्न अगदी रास्त आहे. बेळगावात कॅमेरा घ्यायला गेलेला माणूस पहिल्यांदा मेगापिक्सेलच विचारतो. चित्राचे तुकडे, म्हणजे पिक्सेल, किती, एवढंच तो आकडा सांगतो. प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला उजेड किती आला, हे सेन्सरच्या, म्हणजे लेन्समागच्या उजेड टिपणाऱ्या चकतीच्या, आकारावर ठरतं, आणि तो आकार खोक्यावर बारीक अक्षरात '१/२.८ इंच' असा लिहिलेला असतो. हे इंच जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचनळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलेत, त्यामुळे पट्टीने मोजायला गेलात तर जुळणार नाहीत. १/२.८ इंची सेन्सरचा कर्ण साधारण साडेसहा मिलिमीटर भरतो, १/१.८ इंचीचा जवळपास ९. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे दुप्पट. रेघेखालचा आकडा जितका लहान, तितका सेन्सर मोठा.

आता वळवाचा पाऊस आठवा. पहिले टपोरे थेंब अंगणातल्या फरशीवर पडतात तेव्हा मोठ्या फरशीवर शंभरेक थेंब दिसतात, शेजारच्या फरशीवरही तेवढेच, पाचदहा इकडेतिकडे. त्याच फरशीवर खडूने रुपयाएवढे चौकोन आखले तर मात्र एकात तीन थेंब, दुसऱ्यात एक, तिसरा कोरडा. पाऊस सगळीकडे सारखाच, पण लहान चौकोनांच्या हिशेबाने तो वेडावाकडा पडलेला. उजेडही असाच कणाकणाने पडतो. सरासरी ४०० कण अपेक्षित असतील तर मोजणीत २०चा, म्हणजे ५ टक्के फरक पडतो. १६ कणांना ४चा, म्हणजे थेट २५ टक्के. हा फरक नेहमी वर्गमुळाच्या हिशेबात असतो. कॅमेरा कितीही भारी असो, हा निसर्गाचा नियम चुकवता येत नाही. रात्रीच्या चित्रात जी वाळू उसळताना दिसते, ती मुख्यतः हीच.

१/२.८ इंची सेन्सरवर २ मेगापिक्सेल असतील तर एकेक पिक्सेल सुमारे २.९ मायक्रॉन रुंद असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तेवढ्याच जागेत ८ मेगापिक्सेल कोंबले की रुंदी १.४५ मायक्रॉनवर येते आणि वाट्याचा उजेड चौथाई होतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या.

उजेड कमी पडला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. सेकंदाच्या पंचविसाव्या भागातही पळणारा माणूस पंधराएक सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे चेहऱ्याच्या रुंदीएवढा. मग तो चेहरा ८ मेगापिक्सेलने टिपला काय नि २ने काय, फरकाटाच उमटतो. वाळू पुसायला कॅमेरा मागची-पुढची चित्रं एकत्र मिसळतो, त्यात हलणारा माणूस आणखी विरतो.

म्हणून मेगापिक्सेल फुकाचे, असं मात्र मी म्हणणार नाही. अनोळखी माणूस ओळखायचा तर तो उभा असेल तिथे मीटरभर रुंदीला २५० पिक्सेल हवेत, असा २०१५च्या युरोपीय मानकाचा दंडक होता. ४ मिलिमीटर नाभीय अंतराच्या लेन्सचा १/२.८ इंची कॅमेरा १० मीटरवर सुमारे १४ मीटर रुंदी पाहतो. २ मेगापिक्सेलला तिथे मीटरमागे जेमतेम १३७ मिळतात, ८ मेगापिक्सेलला २७४. खडेबाजारात दुकानासमोर दिव्यांचा लखलखाट असेल तर ८ खुशाल घ्या. खानापूरकडच्या शेतघराला, जिथे अंगणातल्या एका बल्बपलीकडे मिट्ट काळोख, तिथे माझं मत १/१.८ इंची, ४ मेगापिक्सेलच्या बाजूने. मोठ्या सेन्सरवर तेवढंच दृश्य बसवायला थोड्या जास्त मिलिमीटरची लेन्स लागते, तेवढं ध्यानात असू द्या. लेन्सचा एफ आकडाही पाहा: २.० ऐवजी १.० असेल तर उजेड चौपट येतो.

जांबोटी-कणकुंबीच्या पावसात आणखी एक अडचण. कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे, दिवे समोरच्या थेंबांवरून आणि कोळ्याच्या जाळ्यावरून उलटे लेन्सवर चमकतात, आणि सगळं पांढरं होतं. दिवा कॅमेऱ्यापासून चार हात दूर लावला की हे बरंच कमी होतं.

मामांना मी कॅमेरे बदलायला लावले नाहीत. फाटकावर एक साधा पांढरा दिवा लावला, आणि फक्त फाटकाची ३ मीटर रुंदी दिसेल असा मोठ्या सेन्सरचा एकच कॅमेरा वाढवला. आठवाले आता वाळवणाच्या खळ्याकडे वळवलेत, तिथलं काम दिवसाचंच. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराकडे रात्रीचं फुटेज मागा, तेही चालत्या माणसाचं. रिकाम्या अंगणाचं दाखवलं तर घेऊ नका. स्थिर चित्रातली वाळू कुठलाही कॅमेरा पुसून टाकतो.