क्षणप्रत (साठवण प्रणाली)

क्षणप्रत : साठवण प्रणालीतील एखाद्या व्हॉल्यूमचे (एकच डिस्क म्हणून वापरल्या जाणाऱ्या साठवणीच्या भागाचे) ठरावीक क्षणीचे रूप जसेच्या तसे राखणारी प्रत. व्यवहारात सर्वत्र ‘स्नॅपशॉट’ हाच शब्द चालतो. वेगळ्या डिस्कवर पूर्ण उतरवलेल्या प्रतीस ‘क्लोन’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे विदर्भातील तालुक्याच्या गावी स्वतःचा सर्व्हर राखणाऱ्या सहकारी बँका, बाजार समित्या व जिनिंग कारखाने यांच्या कामाला धरून घेतली आहेत.

उगम : पहिलेपणाचा मान कोणाला द्यावा, याबाबत एकमत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८० च्या दशकात घडलेल्या अँड्र्यू फाइल सिस्टीममध्ये व्हॉल्यूमची केवळ वाचता येणारी प्रत काढून तिच्यावरून बॅकअप घेता येई. मात्र तेथे मूळ व प्रत यांतील सामायिकता (न बदललेला मजकूर दोघांनी एकच वापरणे) फाइलच्या पातळीवर होती; मोठ्या फाइलमधील एक ओळ बदलली तरी ती संपूर्ण फाइल वेगळी होई. मेनफ्रेमच्या परंपरेतील लेखक आयबीएमच्या ३९९० या डिस्क-नियंत्रकावरील ‘कॉन्करंट कॉपी’कडे (१९९० च्या दशकाचा आरंभ) निर्देश करतात. नेटअॅप कंपनीचे संस्थापक डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ व मायकेल माल्कम यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या शोधनिबंधातील ‘वॉफल’ या रचनेत ही सामायिकता ४ केबीच्या ठोकळ्यापर्यंत (डिस्कवरील जागेच्या लहान एककापर्यंत) खाली आली. ईएमसीच्या ‘टाइमफाइंडर’ची वाट निराळी : तिसरा आरसा (मूळ डिस्कशी सतत जुळती ठेवलेली प्रत) जोडायचा, तो भरू द्यायचा आणि हव्या क्षणी तोडायचा. कल्पनेचे श्रेय अँड्र्यूकडे जात असले, तरी दिवसातून अनेकदा आणि जवळजवळ विनाखर्च प्रत काढण्याची आजची रीत वॉफलपासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

कार्यपद्धती : ‘लिहिण्यापूर्वी नक्कल’ या पद्धतीत मूळ ठोकळा बदलण्याआधी त्यातील जुना मजकूर वाचून राखीव जागेत ठेवतात आणि मगच नवा लिहितात. प्रत काढल्यावर ठोकळ्यावर होणाऱ्या पहिल्या लेखनाचे एक वाचन व दोन लेखने होतात, म्हणून प्रत असेपर्यंत व्हॉल्यूम मंदावतो. ‘अन्यत्र लेखन’ या पद्धतीत नवा मजकूर थेट नव्या जागी जातो व जुना जागचा हलत नाही. तीत हा भार नाही, पण मजकूर विखुरतो आणि पुढे सलग वाचन मंदावते.

राखीव जागा : चुका सर्वांत जास्त येथेच होतात. ५०० जीबीच्या व्हॉल्यूमवर रोज ३ टक्के बदल धरला आणि सात दिवसांच्या प्रती ठेवल्या, तर १०५ जीबी लागतील असा हिशेब मांडतात. हा हिशेब नक्कल-घटकाच्या (एका वेळी नक्कल होणाऱ्या सर्वांत लहान तुकड्याच्या) आकाराकडे दुर्लक्ष करतो. घटक ६४ केबीचा आणि डेटाबेसचे लेखन ८ केबीचे, इतस्ततः विखुरलेले असेल, तर १ जीबी बदल ८ जीबीपर्यंत जागा खाऊ शकतो. शिवाय बदल हंगामाप्रमाणे फिरतो. मे-जूनमध्ये खरीप पीककर्जाचे वाटप आणि दिवाळीनंतर कापसाचे चुकारे सुरू झाले की तो कितीतरी वाढतो. ३१ मार्चच्या रात्री व्याज आकारणी प्रत्येक कर्जखात्याला हात लावते, त्यामुळे खात्यांच्या तक्त्याचे जवळजवळ सर्व ठोकळे एका रात्रीत बदलतात. श्रावणात मोजलेल्या सरासरीवर बेतलेली जागा त्या रात्री पुरत नाही.

जागा संपली की काय होते, हे प्रणालीनुसार बदलते आणि ते आधीच तपासावे. लिनक्सच्या एलव्हीएम या व्हॉल्यूम-व्यवस्थापकाच्या जुन्या प्रकारात प्रत बाद होते, मूळ शाबूत राहते. ‘थिन पूल’ (अनेक व्हॉल्यूम व प्रती यांचा सामायिक जागासाठा) भरला तर मूळ व्हॉल्यूमचेही लेखन अडते. मूलनिर्धारित मांडणीत ६० सेकंद थांबून त्रुटी येऊ लागतात. म्हणून ७० टक्क्यांवर इशारा, ८५ टक्क्यांवर सर्वांत जुनी प्रत काढणे आणि मार्चपूर्वी जागा वाढवणे, असा क्रम ठेवावा.

उभारणी : क्रम न चुकणे महत्त्वाचे आहे. प्रथम डेटाबेसला बॅकअप अवस्थेत न्यावे, मग फाइल सिस्टीम गोठवावी (तिचे लेखन क्षणभर रोखावे), प्रत काढावी, लगेच फाइल सिस्टीम मोकळी करावी आणि शेवटी डेटाबेसला पूर्ववत करावे. गोठवण्याची आज्ञा ‘रूट’ विभागावर, म्हणजे ज्यावर ऑपरेटिंग सिस्टीमच चालते त्यावर, कधीही देऊ नये. मोकळे करण्याची आज्ञाच अडकून बसण्याचा धोका असतो. विंडोजमध्ये हे काम ‘व्हीएसएस’ (व्हॉल्यूम शॅडो कॉपी सर्व्हिस) करते आणि लेखन रोखल्यानंतर प्रत १० सेकंदांत निघावी लागते. डिस्क मंद असल्यास ही मुदत उलटते व प्रत फसते.

डेटाबेसचा मजकूर आणि लॉग (प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद) दोन व्हॉल्यूमवर असतील, तर दोघांची प्रत एकाच सुसंगतता गटातून, एकाच क्षणी घ्यावी. लॉगची प्रत ९ वाजून ३० मिनिटे २ सेकंदांची आणि मजकुराची ५ सेकंदांची असेल, तर मजकुरातील काही पानांवर अशा नोंदी असतात ज्यांचा लॉगमध्ये मागमूस नाही. लॉग आधी, पान नंतर, हा डेटाबेसचा मूळ नियमच तेथे मोडतो. अशी प्रत एकतर उघडत नाही, किंवा उघडते आणि शिल्लक चुकीची दाखवते. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण तो दिसून येत नाही.

वीज व उष्मा : ग्रामीण फीडरवर पुरवठा खंडित झाला की यूपीएस सर्व्हर चालू ठेवतो, पण वातानुकूलन यंत्र बहुधा त्यावर नसते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद खोली झपाट्याने तापते. डिस्क-नियंत्रकाच्या कॅशेची (लेखन तात्पुरते धरणाऱ्या वेगवान स्मृतीची) बॅटरी उष्णतेने लवकर निकामी होते. ती उतरली की नियंत्रक कॅशे बंद करून प्रत्येक लेखन थेट डिस्कवर नेतो. अशा वेळी नक्कल करण्याचा तिप्पट भार उघडा पडतो आणि काउंटरवरची पावती निघेनाशी होते. तक्रार ‘सॉफ्टवेअर हळू चालते’ अशी येते. पाहायचे असते ते बॅटरीच्या दिव्याकडे.

दुसरी जागा : क्षणप्रत मूळ डिस्कवरच्याच ठोकळ्यांवर उभी असते. रेड ५ मधील (एक डिस्क गेली तरी मजकूर राखणाऱ्या डिस्कसमूहातील) दोन डिस्क एकदम गेल्या की मूळ व सर्व प्रती एकत्र जातात. त्यामुळे दोन प्रतींमधील फरक रोज जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवणे आवश्यक ठरते. १२ जीबी फरक ८ एमबीपीएसच्या लाइनवर, लाइन पूर्ण मोकळी असली तरी, सुमारे ३ तास २० मिनिटे घेतो. धारणी किंवा भामरागडसारख्या दुर्गम भागात लाइन मध्येच तुटते, तेव्हा तुटल्या जागेपासून पुढे चालणारी पद्धतच निवडावी.

पडताळणी : प्रत दुसऱ्या यंत्रावर जोडावी. त्याच यंत्रावर जोडल्यास ओळखक्रमांक दुहेरी होतात. एक्सएफएस ही फाइल सिस्टीम असा व्हॉल्यूम जोडण्यास नकार देते (त्यासाठी ‘नो-यूयूआयडी’ हा पर्याय आहे) आणि एलव्हीएमच्या गटाला आधी नवे नाव द्यावे लागते. डेटाबेस उघडल्यावर त्या दिवसाच्या चुकाऱ्यांची बेरीज सहीच्या रोजकीर्दीशी ताडून पाहावी आणि रुपया-पैशाने जुळली तरच जुनी प्रत काढून टाकावी.