सहा दिवसांची मजुरी, सातव्या दिवसाचा विसावा

नागपूरच्या सदरमध्ये चर्चची रविवारची उपासना सुटली की फाटकापाशी गप्पा रंगतात. घराचा हप्ता, मुलांची फी, मिहानच्या कंपन्यांत सुट्टीच्या दिवशी लागलेली ड्युटी. अर्पणाची थैली नुकतीच हातावरून पुढे गेलेली असते, पण पैशाबद्दल मोकळेपणाने बोलणे होते ते फाटकाबाहेरच. मला याचे वाईट वाटते. नागपुरात ज्या मिशनऱ्यांनी मराठी ख्रिस्ती मंडळीचा पाया घातला, त्यांच्या मायदेशी, स्कॉटलंडात, श्रम, विसावा आणि पैसा हे उपदेशाचेच विषय होते. त्या विषयांत त्यांची एक मोठी चूकही झाली, आणि तीही आपल्याला माहीत असायला हवी.

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. १८८३ मध्ये सुरू झालेले हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. ते ज्या स्कॉटिश फ्री चर्चचे होते, ते तेव्हा अवघे दोन वर्षांचे होते. पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, या वादात १८४३ मध्ये सुमारे ४७० पाळकांनी सरकारमान्य चर्च सोडले. चर्चबरोबर घर गेले, पगारही गेला. या पाळकांची पोटे भरायची कशी? नव्या चर्चचे पुढारी थॉमस चाल्मर्स यांनी हिशेब मांडला, की मंडळीतल्या गरिबानेही आठवड्याला एक पेनी दिली तर निधी उभा राहतो. आणि तो राहिला.

चर्च सोडणाऱ्यांत हेन्री डंकन हेही होते. रुथवेल गावच्या या पाळकाने १८१० मध्ये मजुरांसाठी बचत बँक काढली होती. बड्या बँकांत खाते उघडायला दहा पौंड लागत, डंकन यांच्याकडे सहा पेनी पुरत. मजुराने म्हातारपणी दानधर्मावर जगू नये, स्वतःच्या घामाच्या शिलकीवर जगावे, ही त्यांची तळमळ होती. आपल्याकडच्या भिशीची आणि बचत गटाची आठवण यावी अशीच ही गोष्ट आहे.

आता ती चूक. नव्या चर्चला पैसा हवा होता, म्हणून अमेरिकेत वर्गणी गोळा झाली. तिच्यातले सुमारे तीन हजार पौंड गुलाम बाळगणाऱ्या राज्यांतून आले. गुलामीतून सुटलेले फ्रेडरिक डग्लस १८४६ मध्ये स्कॉटलंडभर फिरले, ‘पैसे परत पाठवा’ असे ठणकावून सांगत. पैसे परत गेले नाहीत. गरिबाच्या पेनीची एवढी कदर करणाऱ्या माणसांना दुसऱ्याच्या फुकट राबवलेल्या श्रमाचा पैसा खुपला नाही, हे वाचताना माझा जीव आजही कळवळतो.

कारण शास्त्रात याचे उत्तर आधीच होते. विसाव्याची आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते. ‘निर्गम’ या पुस्तकात तिचे कारण सृष्टीचे आहे: देवाने सहा दिवस काम केले व सातव्या दिवशी विसावा घेतला. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात कारण बदलते: तू मिसरात दास होतास, हे आठव. म्हणून विसावा फक्त घरधन्याचा नाही. दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या वेशीतला उपरा, सगळ्यांचा. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू न ठेवणाऱ्या वैदर्भीय शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्याच ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितली आहे, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. मजुरांच्या ठिय्यावर सकाळी कामाची वाट पाहत उभा राहणारा माणूस आणि ते वचन यांत मला तरी अंतर दिसत नाही.

पुढच्या शतकांत या आज्ञेचा आवाका कमी-जास्त होत राहिला. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ मध्ये रविवारची सुट्टी कायद्याने दिली, पण शहरवासीयांना. शेतकऱ्याला कामाची मुभा ठेवली. संत बेनेडिक्टच्या मठांत हाताचे काम प्रार्थनेच्या बरोबरीने आले. धर्मसुधारक ल्यूथरने चांभाराच्या कामालाही देवाचे पाचारण म्हटले.

आपल्याकडे मात्र गिरणी कामगाराला रविवार मिळाला तो मिशनऱ्यांमुळे नव्हे. नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, मुंबईत तर गिरण्या आधीपासून धडधडत होत्या. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साप्ताहिक सुट्टीची मागणी मांडली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांनी सांगितले. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी ती मान्य केली, आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. राज्यकर्त्यांचा प्रभुवार, म्हणजे रविवार, त्यांच्याच राज्यातल्या कामगाराला मिळायला जोतीराव फुल्यांचा अनुयायी झगडला, याबद्दल ख्रिस्ती माणसाने कृतज्ञ राहावे.

पतसंस्थेची कथा उलट दिशेने आली. १८४६-४७ च्या दुष्काळात जर्मनीतल्या वेयरबुश गावचा प्रमुख फ्रीड्रिश राइफायझेन होता, श्रद्धाळू प्रोटेस्टंट. त्याने गावाची भट्टी चालवून लोकांना भाकरी पुरवली. दान संपते आणि शेतकरी पुन्हा सावकाराच्या दारात जातो, हे पाहून त्याने १८६४ मध्ये हेडेसडोर्फला कर्ज संस्था काढली. ‘ऋणको धनकोचा दास होतो’ हे नीतिसूत्र (२२:७) त्याच्या डोळ्यांसमोर रोज घडत होते. मद्रासचे सरकारी अधिकारी फ्रेडरिक निकोल्सन यांनी युरोपातल्या अशा संस्था पाहून अहवाल लिहिला, आणि त्याचे सार दोन शब्दांत मांडले: राइफायझेन शोधा. पुढे १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा झाला. गावच्या संस्थेसाठी त्यात राइफायझेनचाच नियम आला: एकाचे कर्ज थकले, तर सगळ्यांनी मिळून भरायचे.