टॅरो आणि सात चक्रं, खरंच एकच प्राचीन विद्या?

बरीच वर्षं एक मेसेज फिरतोय: टॅरो आणि सात चक्रं ही हजारो वर्षांपूर्वीची एकच विद्या आहे, सात चक्रांसाठी सात कार्डं काढली की कुठलं चक्र ब्लॉक आहे आणि शरीरात कुठे आजार आहे ते कळतं.

वाचायला पटतं, मलाही पटलं होतं. पण टॅरो म्हणजे 78 पत्त्यांचा संच, तो 15व्या शतकात उत्तर इटलीत आला आणि तोही खेळायला, भविष्य सांगायला वापर वाढला तो 18व्या शतकात फ्रान्समध्ये. चक्रं मात्र आपल्याकडच्या तंत्रग्रंथांमधली, त्यामुळे ही जोडी अलीकडची आहे.

चक्रांच्या रंगांचंही तसंच, लाल ते जांभळा हा इंद्रधनुषी चार्ट 20व्या शतकात पाश्चात्त्य देशांत तयार झाला. 1577 च्या षट्चक्रनिरूपण या चक्रांवरच्या संस्कृत ग्रंथात अनाहत, म्हणजे हृदयाजवळचं चक्र, बंधूक फुलासारखं लाल आहे, चार्टमध्ये ते हिरवं असतं! भाषांतर मिळतं, स्वतः ताडून बघा.

आता आजाराचं. एकच प्रश्न मनात ठेवून सात कार्डं काढा, लिहून ठेवा, मग नीट पिसून परत काढा. मी केलं तर पहिल्यांदा ‘ब्लॉक’ निघालेलं चक्र दुसऱ्यांदा एकदम मोकळं, आणि मधे फक्त दहा मिनिटं गेली होती, तेवढ्यात शरीरात काय बदलणार? म्हणून दुखणं असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, औषधं चालू असतील तर कार्डांवरून बंद करू नका प्लीज.

कार्डावरचं चित्र बघून मनातलं काही सुचतं, रडू येतं, हलकं वाटतं, हे अगदी खरं आहे आणि त्यासाठी कार्डं जरूर वापरा, फक्त ते उत्तर आपल्याच मनातून आलेलं असतं.