फायटरचं पिल्लू तळाला बसलं: पिशवी भरलीच नाही, की पोट जास्त भरलं?

घरी काढलेल्या फायटर (बेट्टा) माशाच्या पिल्लांत एखाददुसरं तळाला पोट घासत सरकताना दिसतंच. लगेच ‘स्विम ब्लॅडर’ (तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी) बिघडल्याचं निदान होतं आणि एप्सम सॉल्टची (मॅग्नेशियम सल्फेटची) शोधाशोध सुरू होते. पण या एका नावाखाली दोन निराळी दुखणी खपतात. एकात पोटातली हवेची पिशवी कधी फुगलेलीच नसते. दुसऱ्यात पिशवी धडधाकट असते, फक्त तट्ट भरलेल्या पोटाने दाबलेली असते.

म्हणून आधी आठवायचं ते हे: पिल्लू पूर्वी कधी नीट पोहत होतं का?

२८ अंशांच्या आसपास अंडी एक-दोन दिवसांत फुटतात. पुढचे दोन-तीन दिवस पिल्लं बुडबुड्यांच्या घरट्याला शेपटी खाली करून लोंबकळतात, मधूनच घसरतात, आणि बाप त्यांना तोंडात धरून परत वर नेऊन ठेवतो. हा आजार नव्हे. (नेमकं तेव्हाच घाबरून बापाला बाहेर काढणारेही आहेत!) अंगातला बलक संपत आला की पिल्लं आडवी पोहू लागतात. याच सुमारास ती वर येऊन हवेचा घोट घेतात आणि पिशवी पहिल्यांदा फुगते. ही मुदत थोडीच असते. ती हुकली की पिशवी सहसा पुढे फुगत नाही. पाण्यावर तेलकट पापुद्रा असेल तर इवल्या पिल्लाला तो फोडता येत नाही, आणि खाणं म्हणून उकडलेल्या कोंबडीच्या अंड्याचा बलक सढळ हाताने घातला की पापुद्रा हमखास येतो. समुद्री मासे वाढवणाऱ्या हॅचऱ्यांत तर पाण्यावरचा थर काढायला खास स्किमर लावतात.

दुसऱ्या दुखण्यात पिल्लू कालपर्यंत छान पोहत असतं. आर्टेमियावर (खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जिवांवर) ताव मारतं, पोट नारिंगी आणि गोल होतं, मग ते बुडतं किंवा शेपटी वर करून तरंगतं.

खात्री करायची तर बाजूने टॉर्च मारा. पिल्लू अजून पारदर्शक असेल तर कण्याखाली चकाकणारा बुडबुडा दिसतो. बुडबुडा आहे आणि पोट फुगलंय, तर एक-दोन वेळचं खाणं चुकवा, मग थोडं थोडं द्या. बहुतेक पिल्लं सावरतात. बुडबुडाच नसेल, तर उपाशी ठेवणं म्हणजे निव्वळ हाल. एप्सम सॉल्टही काही करत नाही. अशा पिल्लाला उथळ पाण्यात ठेवून तळाला बसणारे मायक्रोवर्म (खाऊ म्हणून वाढवलेले बारीक कृमी) द्यावेत. काही जगतात, पण पाठीला बाक येऊ शकतो. अशा माशांची पुढे पैदास करू नये, असं माझं मत.

पिल्लं मलूल असतील, पंख मिटून धापा टाकत असतील, तर दोन्ही शंका बाजूला ठेवून आधी अमोनिया तपासा.

पुढच्या खेपेला पिल्लं आडवी पोहायला लागली की फिल्टरचा जोर कमी ठेवा आणि पाण्यावर टिश्यू पेपर अलगद टेकवून उचला. तेलकट थर त्याला चिकटून निघतो. उचलण्याआधी पेपरखाली पिल्लू नाही ना, तेवढं बघा.