टंकलेखन यंत्राची दुरुस्ती

टंकलेखन यंत्राची दुरुस्ती : हाताने चालणाऱ्या टाइपरायटरमधील दोष शोधून ते दूर करण्याचे काम. गोदरेज अँड बॉइसने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस उत्पादन थांबले. ठाण्यातील कोर्टनाका, नवी मुंबईतील बेलापूर अशा न्यायालयीन व सरकारी कचेऱ्यांच्या परिसरातील यंत्रांना आता सुटे भाग मिळतात ते बहुधा दुसऱ्या मोडक्या यंत्रातूनच.

कळ दाबल्यावर उसळून अक्षर उमटवणाऱ्या दांड्या अडकणे ही सर्वांत नेहमीची तक्रार. कळफलकाच्या ‘क्वर्टी’ मांडणीचा उगमही याच दोषाशी जोडला जातो. या मांडणीचे जनक, अमेरिकी संशोधक शोल्स यांनी दांड्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून वारंवार लागणाऱ्या जोड्या दूर ठेवल्या, असे परंपरेने सांगतात. मात्र ‘ई’ व ‘आर’ ही सतत जोडीने येणारी अक्षरे या मांडणीत शेजारीच आहेत. क्योटो विद्यापीठातील कोइची व मोतोको यासुओका यांनी २०११ मध्ये मांडणीचा संबंध मॉर्स संदेश उतरवून घेणाऱ्या तारयंत्रचालकांच्या गरजांशी लावला. हे मत अधिक सयुक्तिक वाटते, तरी प्रश्न पुरता मिटलेला नाही.

दुरुस्तीच्या दृष्टीने पाहता एकच दांडी सावकाश परतत असेल, तर ती वाकली आहे असे लगेच समजू नये. दांड्या ज्यात बसवलेल्या असतात त्या अर्धवर्तुळाकार सेगमेंटच्या खाचेत जुने तेल व धूळ यांचा चिकटा साचलेला असतो. कडक ब्रशने व्हाइट पेट्रोल लावावे, दांडी वीस-पंचवीस वेळा हलवावी, पुसावे. चिकटा सुटेपर्यंत हेच पुन्हा करावे. येथे तेल मुळीच घालू नये, महिनाभरात तोच चिकटा परत येतो. पेट्रोल कागद गुंडाळायच्या रबरी रुळाला व यंत्राच्या रंगाला लागू देऊ नये. त्याने रबर फुगते.

ओळीच्या शेवटी अक्षरे एकावर एक पडत असतील, तर आधी कॅरेजचे, म्हणजे कागद घेऊन सरकणाऱ्या भागाचे, रूळमार्ग पुसावेत. मग कॅरेज ओढणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा ताण पाहावा. कॅरेज डावीकडे जाताना ताण घटत जातो, म्हणून परीक्षा शेवटच्या रकान्यांतच घ्यावी. ताण एकेक वेढ्याने वाढवावा. जास्त ताणाने कॅरेज परत नेणे जड होते. कॅरेजला स्प्रिंगच्या ड्रमशी जोडणारा ओढपट्टा तुटल्यास मासेमारीची विणलेली दोरी चालते. ड्रम हाताने घट्ट धरल्याखेरीज पट्टा काढू नये. स्प्रिंग झपाट्याने उलगडते, तुटते आणि बोटही कापते. मधूनच जागा सुटत असेल, तर एस्केपमेंटच्या, म्हणजे कॅरेज एकेक अक्षर पुढे सोडणाऱ्या यंत्रणेच्या, दातऱ्या चाकाला अडवणारे खटके झिजलेले वा सैल असण्याची शक्यता अधिक.

देवनागरी यंत्रात दोषाचा माग शिरोरेखा देते. ‘नननन’ टंकून पाहावे. एकाच अक्षराची रेघ वरखाली असेल, तर त्या दांडीवरचा टंक (कोरीव अक्षर) डाखातून सरकलेला किंवा दांडी वाकलेली असते. शिफ्टची सगळीच अक्षरे वरखाली होत असतील, तर शिफ्टचा थांबा-स्क्रू फिरवावा. दांड्यांना हात लावू नये. काही मात्रांच्या व अनुस्वाराच्या कळा मृत असतात, म्हणजे त्या दाबल्यावर कॅरेज पुढे सरकायचे नसते. तरीही ते सरकले, तर त्या कळेची पट्टी कॅरेज सोडणाऱ्या सामाईक दांडीला चुकून टेकत आहे, असे समजावे. ब, भ, ष यांच्या पोकळीत भरलेली शाई स्पिरिट लावलेल्या ब्रशने काढावी. सुईने टंकाची कड खरवडली जाते.

रूळ कडक झाल्यास कागदाला भोके पडतात. मागे जाड कागद जोडणे हा तात्पुरता उपाय; खरा उपाय नवे रबर चढवून लेथवर मूळ व्यासाला उतरवणे. व्यास बदलला तर ओळींतील अंतर व टंकाचा ठसा दोन्ही बिघडतात. दांडी हाताने रुळापर्यंत नेऊन धरली असता मधली कागदाची पट्टी किंचित अडखळत, पण न फाटता ओढता आली पाहिजे.

रिबन सामान्यतः १३ मिमी रुंद असते. ती टोकाला पोहोचूनही उलटी फिरत नसेल, तर टोकाजवळची धातूची बारीक कडी निखळलेली असते. तेथे गाठ मारली तरी भागते. खाडीलगतच्या ठाणे-नवी मुंबईत जून ते सप्टेंबर यंत्र भिंतीपासून दूर, कापडाखाली ठेवावे. प्लास्टिकच्या आवरणात बाष्प कोंडते आणि गंज सेगमेंटपासून सुरू होतो.